न्हाणीघराची दुरुस्ती : घरचे हात कुठवर?



गाळप हंगाम संपत आला, उसाची बिले खात्यावर जमा होऊ लागली, की गावोगाव घरांच्या डागडुजीची कामे निघतात. सोसायटीचे कर्ज वळते होऊन, खता-बियाण्याची तरतूद करून जे चार पैसे हाती उरतात, त्यांत पहिला नंबर बहुधा न्हाणीघराचा लागतो. एकेकाळी परसदारी शहाबादी फरशीचा तुकडा, तीन बाजूंनी आडोसा आणि सांडपाणी केळीच्या आळ्यात, एवढीच आपली न्हाणी होती. आता न्हाणीघर घरात आले, शेजारी शौचालय आले, भिंतीला टाइल्स लागल्या, वर गिझर किंवा छपरावर सोलर आला. घरातील माउल्यांची व म्हाताऱ्या माणसांची यामुळे मोठी सोय झाली. ही सुधारणा व्हायलाच हवी.

परंतु गवंड्याची मजुरी वाढली आहे, वायरमन बोलावल्या दिवशी येत नाही, प्लंबर तालुक्याहून आणावा लागतो. मग घरातला कर्ता मुलगा बाह्या सरसावून म्हणतो, "त्यात काय मोठं हाय? विहिरीवरची मोटार आपण बसवतो, स्टार्टर आपण खोलतो, पाइपलाइन आपण जोडतो. चार बाय सहाची न्हाणी जमायची न्हाई व्हय?"

प्रश्न रास्त आहे. शेतकऱ्याचा हात कसबी असतो यात शंका नाही. पण शेतातल्या कामात आणि न्हाणीघराच्या कामात एक मोठा फरक आहे. शेतातली पाइपलाइन फुटली तर वर चिखल दिसतो, खड्डा काढून सांधा पुन्हा जोडता येतो. न्हाणीघरात पाइप, वायर आणि उतार हे सगळे एकदा टाइल्सखाली गेले की झालेली चूक वर्षानुवर्षे दिसत नाही. शिवाय तेथे माणूस उघड्या, ओल्या अंगाने, अनवाणी आणि आतून कडी लावून उभा असतो. बाहेर सहन होणारी चूक तेथे जिवावर बेतते.

म्हणून या लेखाचे सार प्रथमच सांगून टाकतो. जे डोळ्यांपुढे उघडे राहणार ते काम घरच्या हातांनी खुशाल करावे. जे फरशीखाली किंवा टाइल्समागे झाकले जाणार ते जाणकाराकडून करून घ्यावे, आणि झाकण्यापूर्वी आपण स्वतः तपासावे. आता एकेक बाब पाहू.

ओले अंग आणि वीज

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. तीच कातडी भिजली की अडथळा फार कमी होतो. त्यामुळे कोरड्या हाताला नुसता झटका देणारी गळती न्हाणीत जीव घेऊ शकते.

पुष्कळ सभासदांचा समज असा, की बोर्डात एम.सी.बी. बसवली म्हणजे भीती नाही. हा समज चुकीचा आहे. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर वीज ओढतो, तीन किलोवॅटचा सुमारे १३. त्यासाठी बसवलेली १६ अँपिअरची एम.सी.बी. त्याहून जास्त प्रवाह वाहू लागला तरच पडते. तिचे काम वायर जळू न देण्याचे आहे. माणसाचे हृदय थांबायला मात्र एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. माणसाच्या रक्षणासाठी आर.सी.सी.बी. नावाचे वेगळे उपकरण लागते. ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांपैकी तीन भाग गळती झाली की क्षणात वीज तोडणारे, असे ते असावे. त्यावर तपासणीचे बटन असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. ते वारंवार पडते म्हणून काही जण ते काढून थेट जोडणी करतात. राखणदार कुत्रे भुंकते म्हणून त्यालाच हाकलून देण्यासारखे हे झाले.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला आवळलेली असते. दुरुस्ती करताना आपण गंजलेला लोखंडी पाइप काढतो आणि प्लॅस्टिकचा टाकतो. पाण्याच्या दृष्टीने काम उत्तम होते, पण प्लॅस्टिकमधून वीज जमिनीत जात नाही. घराचे अर्थिंग त्याच दिवशी तुटले, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, गिझर तापतो, सगळे ठीक दिसते. ज्या दिवशी गिझरच्या कॉइलला चीर पडते त्या दिवशी नळाच्या तोटीत वीज उतरते. म्हणून पाइप बदलताना अर्थिंगही तपासून घ्यावे. गरज पडल्यास घराजवळ नवा अर्थिंगचा खड्डा काढून त्यातून स्वतंत्र तार आणावी. भिंतीत खिळा ठोकून त्याला तार गुंडाळणे म्हणजे अर्थिंग नव्हे. काही जण अर्थची तार न्यूट्रललाच जोडून मोकळे होतात. हा प्रकार त्याहून वाईट, कारण न्यूट्रल कोठे तुटली तर गिझरचे सगळे अंग जिवंत होते.

गिझरला दिव्याच्या लाइनवरून जोड देऊ नये. त्याची वायर बोर्डापासून वेगळी, तांब्याची, अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची असावी. लोड व अंतर पाहून ती वायरमनने ठरवावी. स्विच न्हाणीच्या बाहेर असावा. बादलीत सोडायचा हिटरचा दांडा तर न्हाणीत नकोच. तो चालू असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" पाहण्याची सवय अनेक घरांत आहे, ती आजच मोडावी.

या बाबतीत कायदाही स्पष्ट आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत अशी तरतूद होती, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडून वायरिंगचे नवे काम, वाढ किंवा फेरफार परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावा. नंतरच्या नियमावल्यांतही हेच धोरण कायम राहिले आहे. म्हणजे बल्ब बदलायला कोणाची ना नाही, पण गिझरची नवी लाइन ओढणे हे घरच्या हातांचे काम नव्हे. गवंडी कितीही हुशार असला, तरी "मीच टाकतो वायर, वायरमन कशाला" असे तो म्हणाल्यास त्याला नम्रपणे नकार द्यावा.

गॅसचा गिझर : वास नसलेला वैरी

विजेच्या लपंडावाला कंटाळून अनेकांनी गॅसचा गिझर घेतला आहे. तो स्वस्त पडतो, पाणी लगेच तापते, आणि बसवायला सोपा दिसतो. म्हणूनच तो घरच्या घरी बसवला जातो, आणि बहुधा न्हाणीच्या आतच.

गॅस जळताना हवेतला प्राणवायू वापरला जातो. बंद लहान खोलीत प्राणवायू अपुरा पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर आपल्याला कळते, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. या वायूचे तसे नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने तो रक्ताला चिकटतो. अंघोळ करणाऱ्याला आधी डोके जड वाटते, मळमळते, चक्कर येते. दाराची कडी काढावी एवढेही त्राण कित्येकदा उरत नाही. थंडीच्या दिवसांत खिडकी बंद ठेवून, पाठोपाठ दोघा-तिघांनी अंघोळ केली म्हणजे धोका वाढतो. अशा मृत्यूंच्या बातम्या थंडीत वर्तमानपत्रांत आपण वाचतो.

यावर उपाय एकच. गॅसचा गिझर व सिलिंडर न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत असावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप यावा. न्हाणीला वर कायम उघडी राहणारी जाळी असावी, खाली दारालाही हवेची फट असावी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यास खाली साचतो, हेही ध्यानी ठेवावे. आत माणूस बेशुद्ध पडल्याचा संशय आला तर प्रथम दार उघडावे, त्याला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर फोन करावा.

यासाठीच आणखी एक सूचना. न्हाणीचे दार शक्यतो बाहेर उघडणारे बसवावे. आत माणूस दाराला टेकून पडला, तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.

सोलरचे पाणी आणि शेतातला पाइप

शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे घरी पडलेले असतात. "वाया कशाला घालवायचं" म्हणून तेच न्हाणीत वापरले जातात. थंड पाण्याचे एकवेळ चालेल, पण साधा पी.व्ही.सी. पाइप गरम पाण्याने मऊ पडतो आणि सांधे सुटतात. सोलर किंवा गिझरच्या लाइनला सी.पी.व्ही.सी. पाइपच हवा आणि त्याचे सोल्युशनही त्याच जातीचे हवे. उन्हाळ्यात सोलरचे पाणी ६० अंशांच्या वर जाते. एवढ्या तापलेल्या पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते, लहान मुलांची तर आणखी लवकर. म्हणून गरम व थंड पाणी एकत्र करणारा नळ बसवावा आणि बादलीत आधी थंड पाणी घेण्याची सवय मुलांना लावावी.

उतार, ओल आणि आपली काळी जमीन

टाइल्स चकचकीत बसल्या म्हणजे काम चांगले झाले, असे आपण धरून चालतो. खरे काम टाइल्सच्या खाली असते. फरशीला आठ फुटांना निदान एक इंच उतार हवा आणि तो जाळीकडेच हवा. उतार चुकला की कोपऱ्यात पाणी तुंबते, शेवाळ धरते, आणि घरातली वयस्क माणसे घसरून कंबर मोडून घेतात. गुळगुळीत टाइल्स भिंतीला शोभतात. खाली खरखरीत टाइल्स किंवा खरबरीत फरशीच घालावी.

जाळीखाली बसणाऱ्या भांड्याला बाजारात आजही "न्हाणी ट्रॅप" म्हणतात. त्यात सुमारे दोन इंच पाणी कायम राहते आणि त्या पाण्यामुळे गटाराची घाण हवा, झुरळे घरात येत नाहीत. जागा कमी पडते म्हणून ट्रॅप गाळून सरळ पाइप जोडणारे लोक आहेत. मग वर्षभर उदबत्ती लावली तरी वास जात नाही.

जलरोधक थर, मग तो विटांचा कोबा असो वा हल्लीचे रासायनिक लेपन, भिंतीवरही निदान एक फूट चढवावा. टाइल्स लावण्यापूर्वी सांडपाण्याचे तोंड बंद करून न्हाणीत पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि निदान २४ तास, जमल्यास ४८ तास तसेच ठेवावे. पातळी बरीच उतरली किंवा शेजारच्या भिंतीला अगर खालच्या छताला ओल आली, तर दोष आहे. या परीक्षेला पैसा लागत नाही, फक्त दोन दिवसांचा धीर लागतो.

आपल्या भागात ही बाब अधिकच महत्त्वाची आहे. काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. न्हाणीखालचा एखादा सांधा झिरपत राहिला तर एका कोपऱ्याखालची माती सदा ओली आणि बाकीची कोरडी राहते. मग भिंतीला तिरक्या भेगा जातात. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत तर पाणी मुरले की आतली मातीच धुपते. वरून गिलावा धड दिसतो आणि आत भिंत पोकळ होत जाते.

भिंतीला खाचा

पाइप भिंतीत गाडण्याची हौस आता सर्वत्र आली आहे. कटर मशीन भाड्याने मिळते, आणि उत्साही हात भिंत आडवी-उभी चिरत सुटतात. ज्या भिंतीवर स्लॅबचा किंवा मालवदाचा भार आहे, तिला उभी खाच जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एकषष्ठांशापेक्षा खोल नसावी. म्हणजे नऊ इंची भिंतीत उभी खाच तीन इंचांपर्यंत, आडवी दीड इंचापर्यंतच. साडेचार इंची भिंतीत पाइप गाडण्याच्या फंदात पडू नये. न्हाणी मोठी करण्यासाठी मधली भिंत पाडायची असेल, तर ती नुसता आडोसा आहे की भार घेते, हे अभियंत्याने पाहिल्याशिवाय पहार लावू नये.

गिझर टांगतानाही हाच विचार करावा. २५ लिटरच्या गिझरमध्ये पाणीच २५ किलोचे असते, वर टाकीचे वजन वेगळे. कच्च्या भिंतीत प्लॅस्टिकचा गट्टू ठोकून तो डोक्यावर टांगू नये.

शौचालयाची टाकी : येथे कधीही उतरू नये

नवे शौचालय जुन्या टाकीला जोडताना झाकण उघडून कोणीतरी आत उतरतो, हा सर्वांत भयंकर प्रकार आहे. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि "वास गेला, आता भीती नाही" असा घातक भ्रम होतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, आणि एकाच घरातले दोघे-तिघे जातात.

आपल्या कारखान्याच्या कामगारांना हा नियम ठाऊक आहे. विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या टाकीत माणूस उतरवण्यावर १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमाने बंधन घातले आहे. आतला वायू घालवून, हवा तपासल्याचा लेखी दाखला तरी हवा, नाहीतर श्वसनयंत्र लावून, कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हाती तरी हवा. जी काळजी कारखान्यात कायद्याने घ्यावी लागते, ती आपल्या परसात का घेऊ नये? पोटासाठी आलेल्या मजुरालाही उतरवू नये. संरक्षक साधनांशिवाय मैल्याच्या टाकीत माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. टाकी यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावी आणि जोड बाहेरूनच करावा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान ६० फूट दूर ठेवावा.

तोडफोड करताना

फरशी, टाइल्स किंवा ग्रॅनाइट कोरडे कापले की जी पांढरी धूळ उडते, तिच्यातील सिलिका फुप्फुसात कायमची बसते. पाणी सोडून कापावे, तोंडाला चांगला मास्क व डोळ्यांना चष्मा लावावा. पण पाणी आणि कटरची वीज एकत्र आली, म्हणजे पुन्हा आर.सी.सी.बी. आलीच. छपराचे जुने सिमेंटचे पत्रे फोडू किंवा घासू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते भिजवून, अख्खेच उतरवावेत.

ओले सिमेंट कातडी जाळते, म्हणून रबरी हातमोजे वापरावेत. शेवटी टाइल्सवरचे डाग काढायला ॲसिड आणले जाते आणि "जरा जास्त स्वच्छ होईल" म्हणून त्यातच ब्लीचिंग पावडर टाकली जाते. या दोहोंतून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. ही दोन्ही द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. घरातील भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

मग घरी करावे तरी काय?

पुष्कळ आहे. सामान पारखून आणणे, वाळू चाळणे, राडारोडा वाहणे, गिलाव्याला आठवडाभर पाणी मारणे, दरजा भरणे, रंग देणे, नळाचा वायसर बदलणे, आरसा व मांडणी लावणे ही कामे घरच्यांनी केली तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. आणि सर्वांत मोलाचे काम देखरेखीचे, ते तर घरच्यांनीच करायचे. टाइल्स लावण्यापूर्वी पुढील पाच गोष्टी स्वतः पाहाव्यात :

१. सर्व पाइपांत दाब देऊन पाणी सोडले, सांधे कोरडे राहिले.
२. न्हाणीत २४ तास पाणी भरून ठेवले, पातळी टिकली.
३. बादली ओतली, पाणी कोठेही न थांबता जाळीकडे गेले.
४. वायरमनने अर्थिंग मोजून दाखवले, आर.सी.सी.बी. बटन दाबताच पडली.
५. पाइप व वायर भिंतीत कोठून गेले, त्याचे टेप धरून मोबाइलवर फोटो काढले. पुढे खुंटी ठोकताना हे फोटो उपयोगी पडतात.

या पाचही गोष्टी झाल्याशिवाय गवंड्याला टाइल्स लावू देऊ नयेत आणि त्याचे शेवटचे पैसेही देऊ नयेत. गवंडी घाई करील, पाहुणे येणार म्हणून घरचेही घाई करतील. पण उसाची लागण करताना आपण बेणे तपासल्याशिवाय सरीत टाकत नाही. एकदा माती ओढली की वर्षभर वाट पाहावी लागते, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. न्हाणीघराचे काम तर पंचवीस-तीस वर्षांचे.

वायरमनची मजुरी आणि एक आर.सी.सी.बी. यांचा खर्च टाइल्सच्या खर्चापुढे थोडा आहे. एक-दोन पेट्या साध्या टाइल्स घेतल्या तरी तो भागतो. यंदा ज्यांच्या घरी हे काम निघणार आहे, त्या सभासदांनी हा लेख घरातील तरुण मंडळींना वाचून दाखवावा आणि मगच पहार हाती घ्यावी, ही विनंती.